मास्तरांचा दोरा तोडायचा दात

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या दुकानात कात्र्या पाच होत्या. पण शिवून झाल्यावर दोरा तोडायला त्यांनी चाळीस वर्षांत एकीलाही हात लावला नव्हता. कापडाला कात्री आणि दोऱ्याला दात, अशी वाटणीच झालेली. गाठ मारायची, मान वाकवायची, कट्. बटणामागे मुंगीच्या मिशीएवढं शेपूट राहत नसे. वरचे पुढचे तीन दात या सेवेत कामी आले होते. चौथा एकटाच खिंड लढवत होता.

त्या चौथ्याला भोक पडलं. दुसरा कोणी असता तर दवाखान्यात गेला असता, पण मास्तर पडले कारागीर. दोऱ्यावर फिरवायचं मेण त्यांनी चिमटीत मऊ केलं आणि भोकात चेपून बसवलं. भोक दिसेना, म्हणजे भोक नाहीच. सात महिने रोज सकाळी हा सोहळा चालला. बायकोने सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या. तिचे धड होते म्हणून परवडलं. शेवटी एक दिवस आतून असा ठणका उठला की मास्तरांनी एका पँटीला दोन्ही पाय डावेच जोडले. मग मात्र त्यांनी निमूटपणे चप्पल पायात सरकवली.

दातांची डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने काय काय होणार ते आधी नीट सांगितलं. हिरडीत इंजेक्शन, मग ओठ बधिर. मशीनने कीड कोरताना आवाज फार, दुखणं थोडं. मग थरावर थर भरायचा, निळ्या उजेडात तो कडक करायचा, आणि रंगीत कागद चावायला लावून उंची बघायची. बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं नाही, नाहीतर माणूस स्वतःचाच गाल चावतो. आयुष्य सुयांत काढूनही सुईचं टोक आपल्याकडे वळलेलं मास्तरांना खपत नसे. तरी बाकीचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे रफूच की,” ते म्हणाले. “दोरा तुटेल ना मग?”

डॉक्टरीण हसली आणि कामाला लागली. मेण निघालं. हे काय म्हणून तिने विचारलं, मास्तरांनी अभिमानाने सांगितलं, आणि तिचं हसू गेलं. मशीन घरघरत राहिलं. थांबेल थांबेल म्हणताना आणखी आत गेलं. मग तिने आरसा त्यांच्या हातात दिला. दाताची नुसती भिंत उरली होती, अंड्याच्या टरफलासारखी.

“काका, किडीला तुम्ही आत घेऊन वर दार लावून दिलंत,” ती म्हणाली. “भरते मी. पण हा दात आता बघण्यापुरता. दोराच काय, पावाची कडसुद्धा याने तोडायची नाही.”

मास्तरांना पुष्कळ बोलायचं होतं, पण ओठ परक्याचा झाला होता. आणि बोलून तरी काय? शंभर गिऱ्हाइकांना त्यांनीच ऐकवलं होतं, की रफू टिकतो तो आजूबाजूच्या कापडाच्या जिवावर. कापडच विरलं असेल तर कारागीर काय करणार?

तीन दिवस बायको दुकानात पहाऱ्याला बसली. मास्तर कात्रीने दोरे कापू लागले. कधी इतके जवळून कापत की गाठ सुटून बटण लोंबे, कधी इतके लांबून की सदऱ्याला दाढी फुटे. ती म्हणे, होईल सवय. ते म्हणत, हो. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता.

चौथ्या दिवशी ती घरी राहिली. एक गिऱ्हाईक स्टुलावर बसून कोटाची वाट बघत होतं आणि आपल्या साडूची गाऱ्हाणी सांगत होतं. मास्तर हूं हूं करत बटणं लावत होते. तिसऱ्या बटणाला गाठ बसली आणि मान आपसूक खाली गेली. डॉक्टरिणीने बजावलं होतं ते मास्तरांना. मानेला कोण बजावणार?

कट् झालं. दोरा शाबूत होता.

मास्तरांनी पाठ फिरवली, रुमालात तुकडा घेतला आणि रुमाल खिशात घातला. उरलेली बटणं त्यांनी कात्रीनेच उरकली, शेपटं होती तशी आत दडपली. गिऱ्हाइकाने कोट चढवला, आरशासमोर एक गिरकी घेतली.

“मास्तर, तुमचा हात अजून तस्साच आहे हो.”

मास्तरांनी ओठ घट्ट मिटून मान डोलावली.