एक नंबरची जर्सी

छापकाकांचं दुकान स्टेडियमच्या पूर्वेकडच्या दारासमोर, चावीवाला आणि औषधांचं दुकान यांच्या मधे. रुंदी अशी की दोन माणसं आत आली की तिसऱ्याने मत बाहेरूनच द्यावं. मतं देणाऱ्यांचा तुटवडा मात्र कधी पडला नाही.

काका जर्सीच्या पाठीवर नावं आणि आकडे छापायचे. गरम दाबाच्या यंत्रात जर्सी अंथरायची, अक्षरं ओळीत मांडायची, झाकण खाली ओढायचं आणि पंधरापर्यंत मोजायचं. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं सरळ रेषेत बसवली. स्वतःचं मत विचारलं की म्हणायचे, "मी पाठीकडचा माणूस. पुढचं मला दिसत नाही."

खेळाडू विकला गेला की लोक त्याचं नाव जर्सीवरून काढून घ्यायला येत. सगळ्यात मोठी रांग लागली ती डावऱ्याच्या वेळी. डावऱ्या याच गल्लीत वाढलेला. डाव्या पायाने चेंडू हवा तिथे नेऊन ठेवायचा, आणि ऐन भरात असताना दुप्पट पगारावर शेजारच्या शहरातल्या क्लबात गेला. एका दिवसात बावन्न जर्सी आल्या. काकांनी नाव बसवण्याचे पैसे आधी घेतलेच होते, आता काढण्याचे घेतले. निष्ठेच्या धंद्यात मंदी अशी नसतेच.

या वर्षी मात्र क्लबच बुडायला आला होता. मालक होते सिमेंटवाले शेठ. मैदानाची जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर चाहता मंडळाची सही लागे. मागे एकदा असंच गळ्याशी आलं होतं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तो हक्क विकत घेतला होता. शेठ आता म्हणत होते, तो हक्क सोडा, नाहीतर महिनाअखेर संघाची नोंदणी होणार नाही. क्लब विकत घ्यायला दुसरं कोणी तयार नाही. रविवारी मंडळाची सभा होती आणि त्यात मतदान.

"शंभर रुपये आले की एकशे बारा पगारात जातात," निवृत्त गणित शिक्षक दुकानात ताळेबंद पसरून सांगत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"शंभरातले एकशे बारा कसे जातील हो?" बसचालकाने दारातून विचारलं.

"हे तू मला विचारतोस? शेठना विचार."

"जुने खेळाडू असते तर ही वेळ आली नसती."

"जुने खेळाडू टीव्हीवर बसून क्लब कसा चालवावा ते सांगतात. त्याचेही पैसे घेतात."

"डावऱ्याने म्हणे सात जिम काढल्यात."

"सात! इथे होता तेव्हा दुसऱ्या हाफमध्ये धाप लागायची त्याला."

काका अक्षरं निवडत राहिले. त्यांना हा क्लब बुडणं दोनदा परवडणारं नव्हतं: एकदा चाहते म्हणून आणि एकदा दुकानदार म्हणून. दुकानाचं दोन तृतीयांश काम क्लबकडून येई.

गुरुवारी दुपारी, गर्दी नसताना, क्लबच्या कारकून बाई पाकीट घेऊन आल्या. एकच जर्सी हवी होती. छातीवर जाहिरात नको. पाठीवर नंबर एक.

इतर क्लबांत एक नंबर गोलकीपरचा असतो. इथे तो मालकाचा. पहिल्या मालकाची ती हौस होती आणि गोलकीपर बिचारा एकवीस नंबर घालून गोल खात आला. क्लब हातात घेणाऱ्याला समारंभात ही जर्सी द्यायची पद्धत होती. काकांनी आजवर अशा तीन केल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी उघडून नाव वाचलं. डावऱ्याचं होतं.

"वाच्यता करायची नाही," बाई म्हणाल्या. "शेठनी बजावून सांगितलंय."

म्हणजे गिऱ्हाईक होतं. शेठना आधी जमीन सोडवून घ्यायची होती, आणि मग मैदानाशिवायचा क्लब डावऱ्याच्या गळ्यात मारायचा होता. काकांनी झाकण ओढलं आणि पंधरापर्यंत मोजायला लागले. सत्तावीसवर भानावर आले. दुसरी जर्सी घ्यावी लागली.

"काय झालंय तुम्हाला?" शुक्रवारी बायकोने ताट पुढे सरकवत विचारलं. "कालपासून मी एक विचारते, तुम्ही भलतंच सांगता."

काकांनी सांगितलं. तिचा भाऊ मंडळाचा खजिनदार होता. सभेत हात तोच मोजणार होता.

"मग दादाला सांगा की."

"आणि क्लबचं काम गेलं म्हणजे?"

"नका सांगू मग."

"आणि मैदान गेलं म्हणजे?"

"अहो, एक काहीतरी धरा. दोन्हीकडून घाबरायला आपल्याकडे माणूस एकच आहे."

शनिवारी काकांनी जर्सी पोचवली. मेव्हणा दोनदा दुकानावर येऊन गेला, काकांनी दोन्ही वेळा यंत्र दुरुस्त करायला काढलं होतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. शेठचे वकील अतिशय हळू आवाजात बोलले, त्यामुळे सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. दुसरा खरेदीदार नाही, वाट पाहायला वेळ नाही, उरला तो एकच मार्ग. मास्तरांनी आकडे वाचले. ते वकिलांच्याच बाजूने बोलत असल्यासारखे निघाले.

"हक्क सोडण्याच्या बाजूने कोण?" मेव्हण्याने विचारलं.

हात वर गेले. त्यात काकांचाही होता.

"भावोजी, एकशे सहा," मेव्हण्याने मोजलं.

"मला मोजू नकोस रे, मला बोलायचंय!"

सभागृहात हशा पिकला. काकांना सभेत बोलताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते उभे राहिले, पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी गुरुवारी एक नंबरची जर्सी केली," ते म्हणाले.

एवढंच. पण याचा अर्थ न कळणारा माणूस त्या सभागृहात नव्हता. वकिलांनी चष्मा काढला.

"कुणाच्या नावाची?" मागून ओरडा आला.

काकांनी नाव सांगितलं. आणि सत्य बाहेर पडल्यावर सगळं सोपं होतं, हा त्यांचा समज तिथेच संपला.

"तो? त्याच्यापेक्षा सिमेंट परवडलं!" बसचालक गरजला.

"गिऱ्हाईक आहे, हे लपवलं होतं यांनी!"

"पळपुट्याच्या हातात क्लब देणार?"

"अरे, पळपुट्याकडे सात जिम आहेत!"

अर्ध्या तासाने नऊ मतांच्या फरकाने मतदान आठ दिवस पुढे गेलं. काकांचा हात कुठे मोजला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मंगळवारी क्लबचं पत्र आलं. दोन ओळी: काम थांबवण्यात येत आहे, क्लबची अक्षरं आणि आकडे परत करावेत. काकांनी ते घडी घालून गल्ल्यात ठेवलं. दुकानात मात्र पूर्वीपेक्षा गर्दी. काम कोणालाच नव्हतं. सगळे एकच विचारत.

"येणार ना तो नक्की?"

"मला काय ठाऊक? मला फक्त नाव कळवलं होतं."

"पण तुम्ही सांगितलंत म्हणून तर आम्ही थांबलो!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काकांच्या शब्दावर काहीतरी अवलंबून होतं आणि ते नेमकं अख्खं मैदान निघालं.

गुरुवारी ते अक्षरांचे सहा खण हातगाडीवर घालून क्लबच्या कचेरीत गेले. कारकून बाईंनी खण मोजून घेतले, पावती लिहिली. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "ती जर्सी अजून कपाटातच आहे. परवा समारंभ ठरला होता. ज्यांचं नाव आहे ते आलेच नाहीत. फोनही उचलत नाहीत."

"शेठना माहीत आहे?"

"शेठ खुशीत आहेत. म्हणतात, आता खरंच गिऱ्हाईक नाही, मंडळाला सही करावीच लागेल."

काका बाहेर आले तेव्हा दारात मेव्हणा, मास्तर आणि बसचालक उभे होते.

"काय म्हणाल्या बाई?" मेव्हण्याने विचारलं.

काकांनी रिकामी हातगाडी भिंतीला टेकवली. गप्प राहण्याबद्दल जे काम मिळत होतं, ते आता गेलं होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मास्तरांनी खिशातून कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला.

"आणि रविवारी मतदान," मेव्हणा म्हणाला. "भावोजी, या वेळी हात वर करायचा तर आधी सांगा, कशासाठी ते."

"ते मलाच कळलं तर सांगेन," काका म्हणाले.