सहाव्या पानावरचं पाणी

गिरजाबाई माझी मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. एकोडीत राहते आणि सोयरिकी जुळवते. आजवर त्रेसष्ट जुळवल्या. त्यातल्या दोन मोडल्या, त्याचं खापर ती निघताना मागून हटकणाऱ्यांवर फोडते. तिचा नियमच कडक आहे. सोयरिकीसाठी उंबरा ओलांडला की मागं फिरायचं नाही. चष्मा घरी राहिला किंवा कुणी मागून "कुठी चालली वो माय?" म्हटलं, तर परत यायचं, टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. गावातल्या टवाळांना हे पक्कं ठाऊक. एकदा पाच जणांनी लागोपाठ हटकलं. ती पाचही वेळा पाणी प्यायली, साकोलीची बस निघून गेली, आणि शिव्या मात्र पाचही जणांना सारख्या वाटून मिळाल्या.

तिची स्थळांची वही वाळवीनं खाल्ली, म्हणून मी तिला ॲप करून दिलं. मी जवाहरनगरच्या क्वार्टरात बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी ॲप बनवते. घरच्या ॲपला कितीसा वेळ लागणार, अशी माझी ऐट. सात पानांचा फॉर्म केला. एकच गोष्ट 'नंतर बघू' म्हणून सोडली. मोठ्या मायच्या जुन्या फोनला पडद्याखाली तीन बटनं आहेत. त्यातलं मागं जायचं बटन दाबलं की आधीचं पान यायला हवं. माझ्या ॲपमध्ये ते दाबलं की ॲपच बंद व्हायचं आणि भरलेलं सगळं साफ.

सोमवारी तिचा फोन आला. "हर्षे, तुह्या ॲपनं घात केला!"

झालं होतं असं. तिच्या शेजारच्या केवळरामकाकांनी मुलीसाठी, रीतासाठी, नाकाडोंगरीचं स्थळ पसंत केलं होतं. पाहुणे रविवारी येणार होते, आणि त्याआधी फॉर्म भरून मुलाकडे पाठवायचा होता. काका सांगत होते, रीता मोठ्या मायच्या फोनवर लिहीत होती, मोठी माय देखरेखीला. पाच पानं झाली आणि सहाव्या पानावर ॲप गायब.

"फारम मागं फिरला. आज नाई भरत," असं म्हणून मोठ्या मायनं फोन पदरात बांधला. मंगळवारी पुन्हा तेच. बटनावर बोट जाऊ नये म्हणून तिनं त्यावर लाल टिकली चिकटवली. गुरुवारी टिकलीसकट बटन दाबलं गेलं.

मग खुद्द काकांचा फोन. "माह्या पोरीचं लगन तुह्या बटनापायी अडून राहिलं, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवार तोंडावर आलेला, आणि उद्या गावभर होणार, हर्षाच्या ॲपनं रीताचं लग्न मोडलं! ॲप काय काय करतं याची नोंद ते स्वतःच ठेवतं आणि माझ्याकडे पाठवतं. ती मी उघडली. तिन्ही वेळा तेच बटन आणि तिन्ही वेळा तेच सहावं पान. चुकून लागणारं बोट कधी दुसऱ्या पानावर लागेल, कधी चौथ्या. सहाव्या पानावर एकच प्रश्न होता, तो मीच घातलेला: 'मुलीची अट?'

मी मोठ्या मायला विचारलं, "त्या पानावर काका काय सांगत होते?"

"काई नाई म्हनून लिव, असं."

"आणि रीता?"

पलीकडे मोठी माय दोन घोट पाणी प्यायली, ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, "बटन सुधरव. पन मी म्हनीन तसं. मानूस मागं फिरला तं पानी पेते. तुह्या ॲपनंबी पाजाव."

मी रात्रीचा दिवस न करता तासाभरात ते केलं. म्हणजे इतके दिवस नुसता आळसच होता. आता मागं जायचं बटन दाबलं की लोट्याचं चित्र यायचं आणि खाली ओळ: 'बसा. पाणी प्या. लिहिलेलं सगळं जागेवर आहे.'

शनिवारी मी स्वतः एकोडीला गेले. काकांच्या ओसरीत चौथ्यांदा फॉर्म सुरू झाला. सहावं पान आलं. काका म्हणाले, "अट काई नाई. लिव."

रीताचा अंगठा खाली सरकला. ॲप बंद झालं नाही, पडद्यावर लोटा आला.

रीता साकोलीच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या लॅबमध्ये आपण आता कधी हात पुढे करायचा नाही, हे मी तिथंच ठरवलं.

"केवळराम, पानी लागते," मोठी माय म्हणाली. "सोयरिकीचं काम हाय, माठातलं शिळं नाई चालत. शाळेपासच्या बोरिंगचं ताजं आन."

काका कळशी घेऊन निघाले. त्यांना मागून कुणीही हटकलं नाही.

"बोल आता. बाप येयेपर्यंत," मोठी माय रीताला म्हणाली.

"नाकाडोंगरीवाल्यायले घरी बसनारी पायजे," रीता म्हणाली. "मी लॅब नाई सोडत. बाबा ऐकूनच नाई राहिले."

"मंग मले सांगाव न! बटन कायले दाबत होती?"

"तुमी कवा पुसलं, मोठी माय?"

मला वाटलं, आता भडका उडणार. पण मोठी माय रीताच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "त्रेसष्ट जुळवल्या," ती हळूच म्हणाली, "कोन्याच पोरीले नाई पुसलं." रीताला रडू फुटलं, आणि रडत रडतच तिनं सहावं पान लिहिलं.

काका परतले. त्यांनी पडद्यावर वाचलं: 'नोकरी सोडणार नाही.' पुन्हा एकदा वाचलं.

"हे कोनं लिवलं?"

"तुह्या पोरीनं. ज्याची अट त्यानंच लिवाव," मोठी माय म्हणाली.

कळशी काखेतच होती. काका खाली बसले, पेला भरला आणि ते पाणी स्वतःच प्यायले.

"पाठव," ते म्हणाले.

रविवारी पाहुणे आले नाहीत. रीता सोमवारी नेहमीच्या बसनं लॅबला गेली. काकांनी मात्र चार दिवस माझं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी मोठ्या मायचा फोन आला.

"हर्षे, त्या लोट्याखाली अजून एक बटन लाव."

"कोणतं?"

"'बापाले पानी आनाले पाठव.'"