माझा नातू मला पोसत नाही

आमच्यात लग्नपत्रिका छापून आली की मुहूर्त कोणी बघत नाही. आधी आपलं नाव बघतात, मग ते कोणाच्या खाली आहे ते बघतात, आणि मग जेवायला जायचं की नाही ते ठरवतात. माझ्या नातवाच्या लग्नात माझ्या नणंदेचं नाव पत्रिकेतून गळलं. प्रूफ माझ्या थोरल्या मुलाने, म्हणजे नातवाच्या बापाने तपासलं होतं, पण त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या नावामागे 'श्री.' लागलंय की नाही याच्याकडे. नणंद हॉलमध्ये आली, पहिल्या रांगेत बसली, आणि कोणी जेवायला बोलवलं की म्हणायची, "मी कोन? मी हॉल बघायला आलंय." शेवटपर्यंत जेवली नाही. घरी येऊन सुके बोंबील भाजून खाल्ले आणि नव्या नवरीच्या माहेरच्यांना वास दिला.

ही नणंद माझ्यापेक्षा लहान. नवरा गेल्यावर बाळकुमला माहेरी परत आली ती इथेच राहिली. मूलबाळ नाही. माझं तिचं कधी पटलं नाही, पण झोपायला आणि जेवायला माझ्याच खोलीत. वरच्या मजल्यावर थोरला मुलगा आणि सून, त्याच्यावर धाकटा त्याच्या बायकोमुलांना घेऊन. मागच्या बाजूला चार खोल्या भाड्याने दिल्यात, त्याचं भाडं माझ्या हातात येतं. आजूबाजूला सगळे टॉवर झाले. आमचं घर मध्येच राहिलंय, आणि टॉवरवाल्यांना त्यांच्या गॅलरीतून आमची वाळत घातलेली सुकट दिसते. दिसू दे.

नातू अमेरिकेत असतो. इस्पितळातली मशीनं दुरुस्त करतो. सुट्टीवर आला, डोंबिवलीच्या मुलीशी लग्न केलं आणि महिना व्हायच्या आत परत गेला. मुलगी डोंबिवलीत एका हिशेबनिसाच्या ऑफिसात कामाला होती. "थोड्या दिवसांत कागद होतील," असं हा बोलला म्हणून तिने नोकरी सोडली आणि आमच्याकडे राहायला आली. येताना एक जांभळी बॅग भरूनच आणली. ती बॅग माझ्या खोलीत दाराजवळ उभी. थोड्या दिवसांचं वर्ष झालं. घरातल्या प्रत्येकाचा पायाचा अंगठा त्या बॅगेवर एकदा तरी आपटला, पण ती बॅग उघडायला तयार नव्हती. उघडली तर आपण इथेच राहू, असं तिला वाटायचं. तोपर्यंत सासूचे गाऊन घालून फिरायची. दोन मापं मोठे.

तिकडचं सरकार बायकोला असंच येऊ देत नाही. नवऱ्याने लिहून द्यावं लागतं की मी हिला पोसेन, ही सरकारच्या गळ्यात पडणार नाही, आणि हा बघा माझा पगार. इथपर्यंत ठीक आहे. आपल्याकडे मुलीचे बाप हेच विचारतात, फक्त लिहून घेत नाहीत.

एका रविवारी सकाळी नातवाचा फोन आला. सुनेने तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"आई, फॉर्ममध्ये विचारलंय, माझ्यावर आणखी कोण कोण अवलंबून आहे," तो म्हणाला.

सुनेच्या डोळ्यांसमोर लग्नाची पत्रिका उभी राहिली. समोर नणंद सुकट निवडत बसली होती. सून घाईघाईने म्हणाली, "पहिलं नाव आत्याआजींचं टाक बाबा. मग आजी. मग पप्पा, मी, काका, काकू आणि त्यांची दोन्ही मुलं. कोणी राहायला नको."

"आन कुत्रा?" नणंदेने विचारलं.

"आत्याआजी, माणसंच विचारलीत."

"मग तो काय दगड खातो?"

कुत्रा सोडून सगळे लिहिले गेले. मी तेव्हा मागे कपडे वाळत घालत होते. मला कोणी विचारलं नाही. आणि ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती त्या दिवशी डोंबिवलीला आईकडे गेलेली.

पुढे काही महिन्यांनी तिकडून उत्तर आलं. नातसुनेने ते मोबाइलवर वाचलं, पुन्हा वाचलं, मग माझ्या पलंगावर येऊन बसली.

"आजी, त्यांचा हिशेब असा असतो. जितकी माणसं पोसायची तितका पगार जास्त लागतो. तुम्ही आठ जण, तो नववा, मी दहावी. त्याचा पगार दोघांना पुरतो, चौघांनाही पुरेल. दहा जणांना पुरत नाही, असं लिहिलंय."

"दहा जणांना इथे तरी कोणाचा पुरतो?"

"पण तो कुठे पोसतो तुम्हाला?"

तेच तर. त्याला पहिली पेज मी भरवली, शाळेची फी माझ्या भाड्यातून गेली, आणि आता अमेरिकेच्या सरकारला वाटतंय की मी त्याच्या जिवावर जगते. मला राग आला, पण मुलीकडे बघून एवढंच विचारलं, आता पुढे काय? नातवाने तिकडे एक वकीलबाई गाठली होती. ती म्हणाली, चूक झाली म्हणून नवा फॉर्म भरू, पण प्रत्येक मोठ्या माणसाने कोर्टाच्या कागदावर लिहून द्यावं की हा मला पोसत नाही, माझं पोट मी अमक्या अमक्यावर भरते. महिन्याच्या आत हवं. नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू, म्हणजे आणखी वर्ष. नातसून उठून त्या जांभळ्या बॅगेवर जाऊन बसली.

संध्याकाळी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, सह्या करतील आणि चहा पिऊन जातील.

थोरला म्हणाला, "म्हणजे मी कोर्टाच्या कागदावर लिहून द्यायचं की माझा मुलगा मला बघत नाही? उद्या हा कागद फिरला तर?"

"कुठे फिरणार? अमेरिकेत?"

"अमेरिकेत आपली किती पोरं आहेत तुला माहीत नाही, आई."

सून म्हणाली, "त्याने पाय चेपायचं मशीन पाठवलंय. ते काय पोसणं नाही?" त्या मशीनमध्ये मांजर झोपतं. पण भिशीच्या बायकांना ते मशीन दाखवून झालं होतं, आणि आता त्यांच्यासमोर मुलगा पोसत नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

धाकट्याचा रेती-विटांचा धंदा आहे. कुत्र्याच्या साखळीएवढं सोनं गळ्यात घालून तो पुतण्यावर अवलंबून असलेल्यांच्या यादीत गेला होता. त्याने विचारलं, "उत्पन्न किती लिहायचं? असेल तेवढं, की सरकारला सांगितलंय तेवढं?"

"काका, सांगितलंय तेवढंच," नातसून म्हणाली.

"मग मला यादीत राहू दे. तेवढ्यात माझं भागत नाही."

नणंद भिंतीकडे तोंड करून बसली होती. "पत्रिकेतनं काढलं तवा मी काय बोल्ले नाय. आता अमेरिकेतनं पन काढा."

"कोणी काढत नाही तुम्हाला, आत्याआजी. फक्त लिहून द्यायचंय," नातसून म्हणाली.

"माजं नाव पयलं होतं ना? आता कितवं हाय?"

मी म्हटलं, बसा तुम्ही. मी चौथी शिकलेय, मला सही येते. उद्या मी जाते आणि माझं लिहून देते.

दुसऱ्या दिवशी नातसुनेला घेऊन रिक्षाने निघाले. नणंद आधीच रिक्षात बसलेली. सही करायला नाही, बघायला. खोपटच्या सिग्नलला तिने विचारलं, "आन तिथं चहा मिलतो का?"

कोर्टनाक्यावर टायपिस्ट बसतात. त्यातला एक चेहऱ्यावरून बरा वाटला म्हणून त्याच्यासमोर बसलो.

"काय लिहायचं, आजी?"

"लिहा. माझा नातू मला पोसत नाही."

त्याचे हात थांबले. त्याने चष्मा काढला. "आणि ही कोण?"

"त्याची बायको."

"ही इथे, मग तो कुठे?"

"अमेरिकेत. लग्न करून गेला, वर्ष झालं."

टायपिस्टने खुर्ची वळवली आणि समोरून चाललेल्या काळ्या कोटवाल्याला हाक मारली. "वकीलसाहेब, जरा ऐका इथे."

वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या ऐकलं, नातसुनेच्या अंगातला ढगळ ड्रेस बघितला (तोही सासूचाच होता), आणि स्टूल ओढून बसले. "या दोन केस आहेत. आजींची वेगळी, मुलीची वेगळी. आजी, सोडायचं नाही त्याला. पोटगी मिळते."

कोणीतरी चहा मागवला. नणंदेने चहाचा घोट घेतला आणि एकदम रडायला लागली. "मना पन नाय पोसत."

"तीन केस," वकीलसाहेब म्हणाले.

"अहो, तसं नाही," नातसून म्हणाली, "तो चांगला आहे. तो पोसत नाही हे आम्हाला हवंच आहे."

मागे रांगेत उभी असलेली एक बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सुरुवातीला मी पण असंच बोलायचे गं."

नणंदेचं रडणं वाढलं. रोज सकाळी ज्या नातवाशी व्हिडिओवर गप्पा मारते, त्याने आपल्याला टाकलंय हे तिला मनापासून पटलं होतं. तिला दुसरा चहा आला. मला पहिलाच अजून मिळाला नव्हता.

मी टेबलावर हात आपटला. "हे बघा, मला त्याचा पैसा नको. माझ्या चार खोल्या आहेत, त्यांचं भाडं मी खाते. मी त्याला पोसलाय, त्याने मला नाही. एवढं लिहा. ही मुलगी नवऱ्याकडे जाण्यासाठी थांबलीये, आणि तुम्ही तिचा काडीमोड करायला निघालात."

"म्हणजे भांडण नाही?" टायपिस्टने विचारलं.

"नाही."

वकीलसाहेब अर्धा चहा ठेवून उठले. टायपिस्ट मघाशी "तुमच्याकडून काय घ्यायचं, आजी," म्हणाला होता. आता त्याने भाव सांगितला.

माझं लिहून झालं. मग त्याने नणंदेकडे बघितलं. "आणि या? यांचंही करायचं ना? तुमचं उत्पन्न काय?"

नणंदेने डोळे पुसले. उत्पन्न काही नाही. नवऱ्याची जागा दिरांनी घेतली, आमच्या बापजाद्यांच्या जमिनीचे पैसे आले तेव्हा भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला दोन पाटल्या केल्या आणि विषय संपवला.

"मग कोणावर अवलंबून आहात? काहीतरी लिहावं लागेल. नातू नाही म्हणता, मग कोण?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "कोनाच्यात नाय. लिवा तसं."

"असं चालणार नाही, आजी. तिकडे विचारतील, मग या जेवतात कुठे."

नातसून नख खात होती. मी नणंदेकडे बघितलं. हिचं लिहिलं नाही तर ती बॅग आणखी वर्षभर माझ्या दाराशी उभी राहणार.

"माझ्यात लिहा," मी म्हटलं.

"नातं?"

"माझी नणंद."

"वहिनी नणंदेला पोसते, असं?" टायपिस्टने माझ्याकडे बघितलं. "बघा हं, आजी. शपथेवर आहे."

"शपथेवरच लिहा. ती आहे तोपर्यंत जेवणखाण, औषधपाणी माझ्याकडे."

नणंदेने मान वर केली. "आन तू आधी गेलीस तर?"

"तर चार खोल्यांतली एक तुझी. तिचं भाडं खा आणि गप बस. तेही लिहा हो."

त्याने ते सगळं माझ्याच कागदात घातलं, आणि नणंदेच्या कागदात लिहिलं की ती माझ्यात आहे. नणंदेने दोन्ही कागद त्याच्याकडून वाचून घेतले. मग म्हणाली, पुन्हा वाचा. आपलं नाव आलं की ती मान हलवायची. मग अंगठा दिला, आणि म्हणाली, "झेरॉक्स काढ. रंगीत."

घरी आल्यावर नातसुनेने सगळ्यांना सांगितलं. एक खोली कागदावर गेली हे ऐकून दोन्ही मुलांचा चहा थंड झाला. धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बायकोला घेऊन कोर्टनाक्यावर हजर. मी परत तिथे गेले तर आणखी काय काय लिहून देईन याची त्याला धास्ती होती. थोरल्याने लिहिलं, 'माझा मुलगा माझ्यावर अत्यंत प्रेम करतो, परंतु मी पेन्शनवर जगतो.' सुनेने खाली पाय चेपायच्या मशीनचा उल्लेख करून घेतला. मशीन पोसण्यात मोडू नये म्हणून टायपिस्टने शब्द वेगळे लावले म्हणे.

कागद गेले, आणि या खेपेला पास झाले. मुलीची मुलाखत झाली, शिक्का बसला. जायच्या दिवशी तिने जांभळी बॅग पहिल्यांदा उघडली तर वर्षभरात आतले कपडे तिला घट्ट झालेले. सासूचे दोन गाऊन आत कोंबून गेली. विमानतळावर सगळे गेले, मी गेले नाही. तिथे बसायला जागा नसते. माझ्या दारातली जागा मोकळी झाली आणि आता अंगठा वाचतो, एवढं खरं.

नणंदेने तिचा रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून घेतला. तो उशाखाली असतो. आमटीत मीठ कमी पडलं, तिच्या गोळ्या आणायला उशीर झाला, की तो बाहेर येतो. परवा पापलेट महाग होतं म्हणून मी मांदेली आणली. तिने कागद आणून ताटाशेजारी ठेवला.

"ह्याच्यात मांदेली लिवलंय का?"

"पापलेटही नाही लिहिलेलं. वाच."

तिला वाचता येत नाही, म्हणून ती कागदाकडे बघत मांदेली खात राहिली. तेवढ्यात नातवाचा फोन आला. मागे नातसून सासूचा गाऊन घालून भाजी चिरत होती.

"आजी, तू ये ना इकडे सहा महिने," नातू म्हणाला. "तुझ्यासाठीही मी लिहून देतो, मी पोसेन म्हणून."

मी तोंड उघडायच्या आत नणंदेने फोन स्वतःकडे वळवला आणि कागद त्याच्यासमोर धरला.

"तिला येता येनार नाय," ती म्हणाली. "तिनं लिवून दिलंय."