घड्याळ काढल्यावर

गादीवालीच्या नवऱ्याचं काम भिंती पाडायचं. बांधायला डोकं लागतं, पाडायला घण आणि अंगात रग लागते, असं तो स्वतःच हसत सांगायचा. रग त्याच्यात भरपूर होती. घण उचलण्याआधी मात्र तो एक गोष्ट न चुकता करायचा. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचा. वडिलांच्या माघारी आलेलं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं ते. हादऱ्याने काच तडकू नये म्हणून ही काळजी.

बायकोवर हात उचलण्याआधीही तो ते असंच काढायचा.

पट्ट्याचा खटका वाजायचा, घड्याळ फ्रिजवर जायचं आणि पुढचं सगळं सुरू व्हायचं. त्या घड्याळावर कधी ओरखडा उठला नाही. गादीवालीची मात्र उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती आणि एका कानाने तिला कमी ऐकू यायचं. सोफ्याच्या गाद्या शिवायच्या दुकानात ती लग्नाआधीपासून कामाला होती, म्हणून सगळे तिला गादीवालीच म्हणत. मालकाने बोटांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दारात सापडली." मालकाने पुन्हा विचारलं नाही.

मुलांसाठी तिने एक नियम करून ठेवला होता. खट्ट ऐकलं की मोठीने धाकट्या ढब्बूचा हात धरायचा, त्याला बाथरूममध्ये न्यायचं, आतून कडी घालायची आणि नळ पूर्ण सोडायचा. पाण्याच्या आवाजात आईचं ओरडणं ऐकू येत नाही. मोठी गुणाची पोर. एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. त्या वेळी पलीकडच्या खोलीत सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. घरात ज्याची त्याची सोय ठरलेली होती.

नाताळच्या सुट्टीत नवऱ्यानेच समुद्रावर जायचं काढलं. सकाळी अंघोळ झाल्यावर गादीवालीने हात जोडले आणि देवाकडे एवढंच मागितलं, "आजचा दिवस सरळ जाऊ दे. मुलांना एक दिवस तरी हसू दे."

आणि दिवस खरंच सरळ चालला होता. ऊन कोवळं होतं, वारा बोचरा. सासूबाई घडीच्या खुर्चीत शाल लपेटून बसल्या होत्या. "एवढ्या लांब थंडी खायला आणलंत होय? ती घरी फुकट मिळत होती," असं कुरकुरत त्यांनी थर्मासमधला दुसरा कप संपवला. गादीवाली चटईवर संत्री सोलत होती. तिची नजर नवऱ्याच्या खांद्यांवर होती. खूप ताणून बसवलेलं कापड कुठे उसवणार हे तिच्या बोटांना कळायचं, तसेच नवऱ्याचे खांदे तिला वाचता यायचे. आज ते सैल होते. तिचाही श्वास सैल झाला.

ढब्बू वाळूचा किल्ला करत होता. भिंत सारखी ढासळत होती.

"अरे, ही काय भिंत आहे? फुंकर मारली तरी पडेल!" नवरा हसत त्याच्याजवळ जाऊन बसला. "सरक. तुझ्या बापाने आयुष्यभर भिंती पाडल्या, आज एक बांधून दाखवतो."

ओल्या वाळूत हात घालायचा, तर पट्ट्यात कण जातील. त्याने घड्याळ काढलं.

खट्ट.

गादीवालीला ते ऐकू आलं नाही. तिला दिसला तो मोठीचा चेहरा. त्यातलं रक्त उतरलं होतं. मोठीने भावाचं मनगट धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. इथे बाथरूम नव्हतं, कडी नव्हती. पाण्याचा आवाज तेवढा होता. ती त्या आवाजाकडे धावत सुटली.

"बघा, किल्ला टाकून पळाले भित्रे!" नवरा अजून हसत होता.

दोघं गुडघाभर पाण्यात गेली, मग कमरेएवढ्या. समोरून आलेली लाट त्यांच्या डोक्यावर फुटली. पुन्हा पाहिलं तर तिथे कुणीच नव्हतं.

गादीवाली धावली, नवराही धावला. पाणी सुरीसारखं गार होतं आणि पायाखालची वाळू ओढून नेत होतं. एका लाटेने तिला आपटलं, दुसरीने तोंडात खारट पाणी कोंबलं. हाताला लोकर लागली. तिने ढब्बूचा स्वेटर वाकड्या बोटांत पिळून धरला आणि सोडला नाही. पलीकडे नवऱ्याच्या हाताला मोठीची वेणी लागली होती. त्याने वेणी धरूनच तिला फरफटत काठावर आणलं आणि चटईजवळ वाळूत टाकलं. पोर ओकली, खोकली, रडू लागली. ढब्बूही रडला. गादीवालीला तो आवाज देवाच्या घंटेसारखा वाटला.

नवरा भ्यायला होता, पण भीतीचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मरायला निघाली होतीस? भावाला घेऊन? बोल!"

"तुम्ही घड्याळ काढलंत ना, बाबा."

"काय?"

"घड्याळ काढलंत. आता आईला मारणार होतात. म्हणून ह्याला पाण्याच्या आवाजात नेलं."

भोवती माणसं जमली होती. एक फुगेवाला फुग्यांची काठी तशीच धरून उभा होता. नवऱ्याने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ताडकन मोठीच्या थोबाडीत मारली. पोर कोलमडली.

आजवर त्याने मुलांना बोट लावलं नव्हतं. त्याच एका आशेवर गादीवालीने मार खाल्ला होता. तिने चटईवरचा थर्मास उचलला आणि जीव खाऊन त्याच्या कानशिलावर हाणला. भुवई फाटली, रक्ताने डोळा भरला. त्याने तिचे केस धरले, तिला पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि तिचं तोंड ओल्या वाळूत दाबलं. तिच्या नाकात वाळू गेली, डोळ्यांपुढे काळोख आला. फुगेवाल्याने काठी टाकली. तो आणि आणखी दोघं त्याच्यावर पडले तेव्हा कुठे ती पकड सुटली. फुगे वाऱ्यावर निघून गेले.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. खाली वाकून त्यांनी किल्ल्याजवळ पडलेलं घड्याळ उचललं.

"तुझा बापही हे काढूनच ठेवायचा," त्या मुलाला म्हणाल्या. "माझे दात असेच पडले नाहीत रे. आणि तो गेल्यावर मीच, ह्या हातांनी, हे तुझ्या मनगटात घातलं."

"आई, तू गप बस!"

"गप बसूनच इथवर आणलं मी." त्यांनी घड्याळ त्याच्या छातीवर फेकलं आणि पिशवीतून घराची किल्ली काढून सुनेच्या हातात दिली. "घर माझ्या नावावर आहे. ह्याने आता उंबरा ओलांडायचा नाही."

पोलीस आले. हवालदाराने गादीवालीचा फुटलेला ओठ पाहिला, मग वाकडी बोटं पाहिली. "हे कशाने?"

"दारात..." असं जिभेवर आलंच होतं. मोठी तिच्याकडे बघत होती.

"नवऱ्याने," ती म्हणाली. "घणाच्या दांड्याने."

नवऱ्याला पोलीस घेऊन गेले. संध्याकाळी घरी आल्यावर मुलांच्या केसांतली वाळू निघता निघेना. गादीवालीने त्यांना बाथरूममध्ये नेलं आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज आला तसा ढब्बू ताठ झाला. मोठीचा हात आपसूक कडीकडे गेला.

"राहू दे गं," गादीवाली म्हणाली आणि तिने दार सताड उघडलं. पलीकडच्या खोलीत टीव्ही बंद होता. सासूबाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या.