पाण्यातली सुरी

माझा मोठा भाऊ पंचगंगेत बुडी मारून शेतीपंपांच्या पाइपांच्या तोंडाला अडकलेला कचरा काढायचा. एकदा पाण्याखाली नायलॉनच्या जाळ्यात त्याचा पाय गुंतला आणि तो बराच वेळ वर आला नाही. म्हणून मी त्याच्यासाठी सुरी करायला घेतली.

घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. संध्याकाळी दमून आलो की कॉलेजच्या वर्कशॉपमधून आणलेलं करवतीचं मोडकं पातं घासत बसायचो. एका बाजूला धार लावली, दुसऱ्या बाजूचे दाते तसेच ठेवले. गढूळ पाण्यात त्यालाच लागू नये म्हणून टोक बोथट केलं. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली.

त्यानं सुरी पोटरीला बांधून बघितली. "झ्याक झालीया की. पर टोक कुठं गेलं रं, इंजिनियर?"

"तुझ्या पायासाठी घालवलं."

तो हसला. मला वाटलं, आता काळजी मिटली. पण सुरी आहे म्हटल्यावर तो आधी नाकारलेली खोल पाण्यातली कामंही घेऊ लागला.

"शिकून ह्येच केलंस व्हय?" आई म्हणाली.

पुढच्या रविवारी त्यानं बुडी मारली, आणि मी पहिल्यासारखाच काठावर बसून त्याचं डोकं वर यायची वाट बघत होतो.