वस्तीच्या फाट्यावरची बेल

परभणीला स्टेशन आणि बसस्टँड यांच्यामध्ये तेव्हा एक भिंत होती आणि भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं खिंडार. पूर्णा-चुडाव्याकडून सकाळची पॅसेंजर आली की माणसं फाटकाकडं न जाता त्या खिंडारातून आमच्या गाड्यांवर येऊन पडायची. कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण तालुक्याची बस पॅसेंजरची माणसं घेतल्याशिवाय हलत नसे. जागा धरायला खिडकीतून टॉवेल टाकायचे, पिशव्या टाकायचे, आणि टॉवेल कुणाचा यावरून डोकी फुटायची.

मी चोवीस वर्षांचा कंडक्टर होतो. हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असे. दारात लोंबकळणाऱ्यांच्या बोटांवर त्याची कड मारली की बोटं सुटतात, हे मी पहिल्याच महिन्यात शिकलो. एकदा एका माणसाची भुवई फोडली. रक्त त्याच्या सदऱ्यावर आणि माझ्या बाहीवर. आमचे ड्रायव्हर वयानं मोठे, ते म्हणाले, "बाबा, तिकिटं फाड, माणसं नको फाडू." सगळे हसले. मीही हसलो. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते घाबरून झालं, असं मी पंधरा-सोळा वर्षं सांगत आलो आहे.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्हा पेटला. बौद्धांच्या वस्त्या जाळल्या, पूल उखडले, तारा तोडल्या. दोन दिवस बस बंद होत्या. तिसऱ्या दिवशी सोडल्या, पुढच्या काचेला जाळी बांधून.

त्या दिवशी पॅसेंजरमधून थोडीच माणसं उतरली. त्यात एक गुरुजी होते. लांबच्या शाळेवर नोकरी, घर आमच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत. तीन वर्षं दर शनिवारी मी त्यांना वस्तीच्या फाट्यावर उतरवत होतो. बरोबर त्यांची म्हातारी आई होती.

"आज तालुक्याचं द्या," ते हळूच म्हणाले. "फाट्यावर गाडी थांबवू नका. वस्ती जळाली म्हणतात. आमची पोरं पोलिसांनी जपून तालुक्याला नेली हायत. तेवढं तिथवर न्या आमाला, साहेब."

"बसा, गुरुजी," मी म्हणालो.

मधल्या एका गावात चौघं चढले. हातात काठ्या, एकाच्या हातात सायकलची चेन. कुणी तिकीट मागितलं नाही, मीही दिलं नाही. पुढचा एक गाडीभर नजर फिरवत म्हणाला, "कंडक्टर, ह्यातले फाट्यावर उतरणारे कोणकोण हायत?"

"कुणीच न्हाई. सगळे तालुक्याचे."

"अस्सं? आज लय शांत गाडी हाय तुमची." मग गुरुजींकडं बघून, "काय गुरुजी, शाळा सुटली का सोडली?"

म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. दुसरा म्हणाला, "मावशीला ऊन लागायलंय वाटतं." सीटवरचे दोघंतिघं हसले. त्यांतला एक आमचा नेहमीचा प्रवासी होता.

ड्रायव्हर मागं न बघता मला म्हणाले, "मी दाबतो गाडी. फाट्यावर ॲक्सिलेटरवरचा पाय काढणार न्हाई. तू फक्त दोरीला हात लावू नको."

बसमध्ये छताखालून घंटीची दोरी गेलेली असते. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय बेल ऐकली की आपोआप ब्रेकवर जातो, त्याला ठरवावं लागत नाही. हे मला ठाऊक होतं.

चेनवाल्यानं एका खिडकीवर चेन मारली. काच एका बाईच्या मांडीवर सांडली. "फाट्यावर आमची माणसं हायत," तो म्हणाला. "गाडी थांबली न्हाई तर माघारी याल तवा बघू. जाळी काय कामाची न्हाई."

फाटा दिसू लागला. आठ-दहा जण कडेला उभे होते. रस्त्यात काही नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी दाबली होती, पत्रा थरथरत होता. अजून थोडा वेळ, आणि आम्ही पार गेलो असतो.

मी एक बेल दिली.

घाबरून, सवयीनं हात गेला, असं मी बायकोलाही सांगितलंय. सवयीनं गेला नव्हता. ही दोन माणसं गाडीतून उतरली की गाडी परत माझी होईल, एवढाच विचार डोक्यात होता, आणि तो अगदी स्पष्ट होता. मी वर म्हणालोही, "गुरुजी, फाटा आला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गाडी थांबली, मग चौघांतल्या एकानं त्यांना कॉलरला धरून ओढलं. डोकं दाराच्या दांडीवर आपटलं, कानामागून रक्त आलं. खाली पडल्या पडल्या काठ्या सुरू झाल्या. हात डोक्यावर घेतले तर हातावर, मग कोपरावर. म्हातारीनं सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. तिला ओढणारा म्हणाला, "सोड की म्हातारे." ती सोडेना.

तिची बोटं मी सोडवली. ट्रेच्या कडेनं.

नंतर दोन बेल दिल्या. मागच्या काचेतून काठी वर जाताना आणि खाली येताना दिसत होती, आवाज येत नव्हता.

गुरुजी वाचले. उजवा हात कामातून गेला. आई दिवाळीच्या आत गेली. त्यांनी फिर्याद दिली तेव्हा मी जबाब लिहून दिला, की रस्त्यात दगड टाकून जमावानं बस अडवली, माझा इलाज नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, बेल कुणी दिली मला दिसलं नाही. चौघं सुटले. ड्रायव्हर त्यानंतर माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

यंदा नामांतर झालं. मी आता त्याच स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसतो. एका सकाळी पॅसेंजर आली, आणि खिडकीशी गुरुजी. डाव्या हातानं पिशवी धरलेली. बसची वेळ विचारली, मी सांगितली. ते वळले तेव्हा मी उठून मागं गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, बेल मी दिली होती."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "आईची बोटं कशी होती ते मी बघितलंय. तुमी ते कागदावर लिहा. जबाब दिला होता तसाच, सही करून."

लिहायला आठ दिवस लागले. त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी अंगणात बसून दोनदा वाचलं. आईचं नाव खोडायला सांगितलं, कारण नातवंडं वाचतील. मग म्हणाले, "एक राहिलंय. गाडीत माणसं होती. तुमी एकट्यानंच सगळं अंगावर घेतलंय, तसं नका करू. तेबी लिहा."

तर गाडीत वीसेक माणसं होती. कुणी उठलं नाही. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. एका बाईची भाजीची टोपली दोन सीटांच्या मधल्या वाटेत होती. ती तिनं उचलून मांडीवर घेतली, म्हातारीला ओढून नेताना आड येऊ नये म्हणून.