वहिनीचे वाल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नानाला नाही — नाना माझा धाकटा भाऊ, देवासला असतो — माझ्या मुलीला नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

ऐकताना हसू आलं तर हसा. गोष्ट मूठभर वालांची आहे. आणि जिथे घडली ती जागा इतकी आनंदाची, की तिथे कुणी खोटं बोलेल असं मनातसुद्धा यायचं नाही.

आमच्या धारला दर वर्षी आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बियाण्यांची जत्रा भरते. रुक्मिणी भरवते. ती माझी विद्यार्थिनी. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आता ती शेती करते. सोयाबीन एके सोयाबीन करून जमीन थकली, हे तिला एकदा पटलं आणि तिने गावोगावच्या बायका गोळा केल्या. शाळेच्या मैदानात मांडव, पाण्याचे रांजण, कैरीचं पन्हं, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये आणि दाळ. मुलं आपापल्या शेतातली माती डब्यांतून आणतात आणि कुणाची जास्त काळी यावरून भांडतात. एक म्हातारे दाजी ओल्या मातीचा छोटा डोंगर करतात, त्यावर बोटभर उंचीचे बांध घालतात आणि वरून लोटाभर पाणी सोडतात. पाणी अडलं की सगळं मैदान टाळ्या वाजवतं — दर वर्षी, जणू पहिल्यांदाच अडलं! मांदलाचा ढोल वाजत असतो. माझा जीव आहे त्या जत्रेवर. हे तरी खरं आहे.

तिथली रीत अशी. ज्याच्या घरी जुनं बियाणं असेल त्याने ते सुपात घालून आणायचं आणि माईकवर सांगायचं, की हे कुणाच्या हातून माझ्यापर्यंत आलं. मग ज्याला हवं त्याने मूठभर न्यायचं, नेताना बियाण्याचं आणि देणाऱ्या घराचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि पुढच्या वर्षी दोन मुठी परत आणायच्या. एवढंच. पण "ही माझ्या सासूच्या सासूची ज्वारी" म्हणताना बायकांच्या माना कशा ताठ होतात — ते समोर उभं राहून बघावं लागतं.

आणि आमच्याकडे काय होतं? आमचं घराणं संस्थानातल्या कारकुनांचं. पणजोबा जमिनी मोजायचे, लोकांच्या. आम्ही या मुलुखातली किती जमीन मोजली असेल, देव जाणे. पेरली मात्र एक कुंडीसुद्धा नाही.

पहिल्या जत्रेच्या आधी रुक्मिणी घरी आली. म्हणाली, "बेनजी, आपका तो इतना पुराना खानदान है, कुछ तो होगा?"

मी म्हटलं, "आहे ना. वाल आहेत."

होते. बरणीभर होते. ते कुठून आले, ते सांगायला हवं — आणि इथेच मी दर वेळी अडखळते.

नोकरीच्या सुरुवातीला मी तीन वर्षं कुक्षीला होते. भाड्याची खोली, पुढे हातभर अंगण, काट्यांचं कुंपण. हाटाच्या दिवशी एक भिलाली बाई भाजी घेऊन यायची. थावलीबाई. माझ्याच वयाची, हातात चांदीची जाड कडी. भाजी संपली की माझ्या पायरीवर टेकायची, पाणी प्यायची. एकदा कुंपणाकडे बघून म्हणाली, "इतनी बड़ी बागड़, और खाली?" पुढच्या हाटाला तिने ओढणीची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर बिया ठेवल्या. काळ्याभोर, तुकतुकीत, कडेला पांढरी रेघ. त्यांच्याकडे वालाला बल्लर म्हणतात.

मी जीवशास्त्राची मास्तरीण. फळ्यावर बियांच्या आकृत्या काढणारी. मी तिला काय विचारलं असेल? तर — कोणती बाजू वर ठेवायची! ती इतकी हसली, इतकी हसली की खाली बसली. मग माझं मनगट धरून तिने माझं बोट मातीत दाबलं. "एक पोर. बस. ज्यादा नी." म्हणजे बोटाच्या एका पेराइतकंच खोल. मी आयुष्यात पहिल्यांदा मातीत काही लावलं ते असं — दुसऱ्या बाईच्या हाताने. ते बी तिला लग्नात आईने दिलं होतं, आईला तिच्या आईने. "बिरादरी के बाहर किसी को नी दिया," म्हणाली. "आपको दिया."

माझी बदली धारला झाली. बी बरोबर आणलं. दर पावसाळ्यात घरामागच्या भिंतीशी लावलं, दर वर्षी राखेत घोळून बरणीत ठेवलं. एकही वर्ष चुकवलं नाही.

तर पहिली जत्रा. माझ्या आधी एक म्हातारी बोलून गेली होती, आईचं नाव घेऊन रडली होती. समोर पहिल्या रांगेत नाना, देवासहून मुद्दाम आलेला. हातात सूप. मी माईकशी गेले आणि म्हटलं, "ये बल्लर मुझे..." थावलीबाईचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. अगदी ओठांपर्यंत.

मी म्हटलं, "मेरी माँ ने दी."

कुणी विचारलं नव्हतं. कुणी भरीला घातलं नव्हतं. आणि तेवढ्यावर तरी थांबावं? आईला आम्ही वहिनी म्हणत असू — काका, आत्या म्हणत, म्हणून आम्ही भावंडंही — तेही सांगून टाकलं. वहिनी नागपंचमीला वेलाची पूजा करायची, पहिली शेंग तुळशीपुढे ठेवायची... कुठून सुचत होतं कोण जाणे! वहिनीने जन्मात कधी काही लावलं नाही. ती वाल खातसुद्धा नसे. वात होतो म्हणायची.

टाळ्या पडल्या. माझी मान ताठ झाली. मला फार, फार बरं वाटलं.

खाली उतरले तेव्हा कुठे आठवलं. नाना! तो आता विचारणार — अक्का, वहिनीने कधी गं वाल लावले? तो आला तो डोळे पुसत. "अक्का, मला आठवलं! विहिरीमागे तो वेल होता बघ, जांभळ्या फुलांचा." विहिरीमागे धुण्याचा दगड होता. दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "हो रे. तोच." पुढच्या वर्षी त्याला वेलाखालचा मांडवही आठवला. त्याच्या पुढच्या वर्षी तो मांडव दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः बांधला होता. नाना दर वर्षी सुपाशी उभा राहून हे सगळं लोकांना सांगतो, आणि सांगताना दहा वर्षांचा होतो. त्याच्यासाठी मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे तेही. मी माझ्यासाठी गप्प राहिले.

आणि बियाणं काय पसरलं म्हणता! रुक्मिणीने बांधावर लावलं, तिच्या गावाने लावलं, मग नानाच्या ओळखीने देवासकडे गेलं. कमी पाण्यात येतं, बांधाची माती धरून ठेवतं, शेंगा माणसांना, पाला गुरांना. नाव पडलं वहिनी बल्लर. श्रावणात बायका एकमेकींना विचारतात, "क्यों, वहिनी चढ़ गई?" म्हणजे वेल कुंपणावर चढला का. वहिनी — जी जिना चढताना दोनदा थांबायची! मला हसू यायचं. रस्त्याने जाताना बांधावर जांभळी फुलं दिसली की अजूनही जीव सुखावतो. तो आनंद खोटा आहे का? मला नाही वाटत. पण ज्या नावाने तो मिळतो, ते नाव खोटं आहे.

मागच्या जत्रेला कुक्षीकडून बायकांची एक गाडी आली. मी पन्ह्याच्या पातेल्याशी होते. पाठीमागून हसणं ऐकू आलं — आणि तोंड बघायच्या आधी मी ओळखलं.

"बेनजी! कितनी मोटी हो गई!"

थावलीबाई. केस पांढरे, कडी तीच. आम्ही एकमेकींना मिठी मारली, पन्हं सांडलं, दोघी हसलो, लोक बघायला लागले. मग ती सांगू लागली. शेतातला कापूस दारापर्यंत आला, मुलांनी कुंपणं काढली, बल्लरला जागा राहिली नाही. मग दोन वर्षं वाईट गेली आणि मडक्यातलं बी होतं तेही शिजवून खाल्लं. साऱ्या गावात एक दाणा उरला नाही. पण तिने ऐकलं होतं, की धारच्या जत्रेत काळी बल्लर मिळते, पांढऱ्या रेघेची.

"कोई वहिनी है, उसकी है बोलते हैं," ती म्हणाली. "आप जानती हो उसको?"

सांगा, तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. मी काय केलं ते सांगते. मी म्हटलं, "चल, दाखवते."

सुपाशी नाना उभा होता. त्याने तिला सगळं सांगितलं — आई, विहीर, मांडव, नागपंचमी. ती ऐकत होती. तळहातावर चार दाणे घेऊन अंगठ्याने फिरवत होती. मग तिने वर माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. काय होतं, ते मला वर्षभर विचार करूनही उमगलेलं नाही.

मग ती नानाला म्हणाली, "हाँ भिया. माँ का दिया बीज ऐसा ही रहता है."

रुक्मिणीने तिला माईकपाशी बोलावलं. रीतच ती. थावलीबाईने मूठभर दाणे ओढणीत बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "ये बल्लर. वहिनी के घर की."

मांदल वाजला. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. ती खिडकीशी बसली, ओढणीची गाठ मांडीवर घेतली. म्हणाली, "हर साल बोई, बेनजी? एक भी साल नी छोड़ी?"

"नाही छोड़ी," मी म्हटलं. "एकही नाही."

"तो अच्छा किया." आणि ती खरंच खूश झाली, तोंडभर हसली.

गाडी सुटायला अजून वेळ होता. ड्रायव्हर मांडवात दाळ-पानिये खात बसला होता. दहा मिनिटं असतील, सहज. आजूबाजूला कुणी नव्हतं. आम्ही तिच्या नातींबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो, यंदा कापसाच्या कडेने पुन्हा कुंपण कुठून घालायचं ते तिने हातवारे करून दाखवलं. आम्ही फार हसलो. मग ड्रायव्हर हात पुसत आला. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला आणि गाडीबरोबर चार पावलं चालले. बोलायला तेवढी चार पावलंही पुरली असती.

मी बोलले नाही.